भुकेची आणेवारी : अन्न व कृषी संघटनेची ऐंशी वर्षं

आमच्या वेळी कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्राच्या तासाला एकच पुस्तक असायचं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, पण ते कुणी घेत नसे. ‘पानसे-सुखात्मे’ एवढं म्हटलं की ग्रंथालयातला शिपाई नेमकं तेच काढून हातावर ठेवायचा. शेतीतल्या प्रयोगांची आकडेमोड त्या पुस्तकावरून शिकलेल्या कितीतरी पिढ्या आता निवृत्त झाल्या आहेत. मीही त्यातलाच. त्या दोन नावांपैकी दुसऱ्या नावाच्या माणसाने वीस वर्षं रोमला बसून जगाच्या भुकेचा हिशेब मांडला. ज्या संस्थेत बसून मांडला ती संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना. १६ ऑक्टोबर २०२५ रोजी तिला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. महाविद्यालयाच्या या स्मरणिकेत तिचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी तो त्या हिशेबाच्या बाजूनेच सांगणार आहे.

संघटनेची कामं पुष्कळ. बियाणं, जंगलं, मासेमारी, टोळधाडीचे इशारे, सगळं तिच्या खात्यात आहे. ज्या बुळकांडीने आपल्या आजोबा-पणजोबांचे गोठेच्या गोठे रिकामे केले, ती जगातून नाहीशी झाल्याचं २०११ साली जाहीर झालं, त्यातही तिचा मोठा वाटा. पण माझ्या मते तिचं मूळ काम दुसरंच. जगातली किती माणसं उपाशी आहेत हे वर्षानुवर्षं सलग मोजत राहायचं आणि मोजलेलं लोकांच्या कानावर घालायचं. हे काम केलं नाही तर काय होतं, ते तिच्या जन्माच्या आधी दोनच वर्षं आपल्या देशाने पाहिलं होतं.

१९४३ साल. महायुद्ध ऐन भरात होतं. मे महिन्यात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात हॉट स्प्रिंग्ज नावाच्या थंड हवेच्या ठिकाणी ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बोलावलेली ती परिषद होती, आणि विषय होता युद्धानंतर जगाने खायचं काय. जूनच्या सुरुवातीला परिषद उठली तेव्हा दोन गोष्टी मान्य झाल्या होत्या. भुकेचं पहिलं कारण दारिद्र्य आहे ही एक, आणि अन्न व शेतीसाठी सर्व देशांची कायमची संस्था हवी ही दुसरी.

त्याच महिन्यांत बंगालमध्ये माणसं मरत होती. तांदळाचा भाव मजुराच्या हाताबाहेर गेला होता. भूमिहीन शेतमजूर, कोळी, नावाडी अशी रोजच्या कमाईवर जगणारी माणसं आधी गेली. सर्वसाधारणपणे मानला जाणारा मृतांचा आकडा ३० लाखांच्या आसपासचा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारनेच तयार केलेली दुष्काळ संहिता कपाटात होती. दुष्काळ जाहीर केला की त्या संहितेप्रमाणे कामं काढावी लागतात, अन्न द्यावं लागतं. बंगालमध्ये दुष्काळ जाहीर झालाच नाही. अखेर २२ ऑगस्ट १९४३ च्या रविवारी कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’ने रस्त्यावर पडलेल्या माणसांची छायाचित्रं छापली. संपादक होते इयन स्टीफन्स. सरकारी कागदांनी जे मान्य केलं नव्हतं ते त्या छायाचित्रांनी दिल्लीत आणि लंडनमध्ये मान्य करायला लावलं.

हे सगळं जवळून पाहिलेला एक सनदी अधिकारी होता, बिनय रंजन सेन. १९४२-४३ मध्ये मदतकार्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १६ ऑक्टोबर १९४२ ला मिदनापूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं, उभं पीक गेलं, आणि पुढच्या वर्षीच्या आकांताची ती सुरुवात ठरली. बरोबर तीन वर्षांनी त्याच तारखेला कॅनडातल्या क्विबेक शहरात अन्न व कृषी संघटना स्थापन झाली. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे, हे मला कळतं. तरी दरवर्षी १६ ऑक्टोबरला मला आधी मिदनापूर आठवतं.

क्विबेकची परिषद संपेपर्यंत ४२ देश सदस्य झाले होते. भारत स्वतंत्र नव्हता, तरी संस्थापक सदस्यांत होता. बोधचिन्हात गव्हाची ओंबी आणि ‘फियात पानिस’ हे लॅटिन शब्द आले. भाकरी असो, असा त्यांचा सरळ अर्थ. पहिले महासंचालक स्कॉटलंडचे जॉन बॉइड ऑर. मूळचे डॉक्टर आणि आहारशास्त्रज्ञ. १९३६ साली त्यांनी ब्रिटनच्याच ताटाचा हिशेब काढून दाखवलं होतं की निम्म्या लोकसंख्येला पुरेसा सकस आहार परवडत नाही. साम्राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणणाऱ्या देशाला हे ऐकवणं सोपं नव्हतं. वॉशिंग्टनच्या कचेरीत त्यांनी हीच सवय नेली. १९४६ साली संघटनेची पहिली जागतिक अन्न पाहणी निघाली. त्याच वर्षी त्यांनी जागतिक अन्न मंडळाची योजना मांडली. धान्याचे साठे करायचे, भाव स्थिर ठेवायचे, आणि जिथे टंचाई असेल तिथे परवडेल अशा दराने धान्य पोचवायचं. मोठ्या देशांना ती पेलवली नाही. आपल्या धान्याचा भाव दुसऱ्या कुणी ठरवावा हे त्यांना नको होतं. योजना बारगळली. बॉइड ऑर १९४८ मध्ये बाहेर पडले, आणि पुढच्याच वर्षी त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

मला ही हार फार महत्त्वाची वाटते. संघटनेच्या हाती ना कोठार राहिलं, ना भावावर ताबा. उरलं काय, तर माहिती आणि आवाज.

१९५१ साली तिचं बिऱ्हाड वॉशिंग्टनहून रोमला हललं. जी इमारत मिळाली ती मुसोलिनीच्या काळात इटलीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयासाठी बांधायला घेतलेली. दारासमोरच्या चौकात एक उंच कोरीव शिलास्तंभ उभा होता. तो इथिओपियातल्या अक्सुमचा. इटलीने तो देश जिंकल्यावर १९३७ साली तिथून उचलून आणलेला. भुकेविरुद्ध काम करायला जगभरातून आलेली माणसं पन्नास वर्षं त्या स्तंभावरून ये-जा करत राहिली.

त्याच १९५१ साली रोमच्या कचेरीत पांडुरंग वासुदेव सुखात्मे रुजू झाले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा जन्म, १९११ चा. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन लंडनला गेले आणि संख्याशास्त्रातली मोठी माणसं जिथे होती त्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले. परत आल्यावर शेती संशोधन परिषदेत त्यांनी जे केलं ते आपल्या प्रत्येक तलाठ्याच्या आणि कृषी सहायकाच्या अंगवळणी पडलेलं आहे : पीक कापणी प्रयोग.

नव्या मुलांसाठी थोडं विस्ताराने सांगतो. त्याआधी पिकाचा अंदाज म्हणजे आणेवारी. गावचा अधिकारी बांधावर उभा राहायचा, शिवारावर नजर फिरवायचा आणि सांगायचा, सोळा आण्यांत आठ आणे, दहा आणे. सारा माफ व्हायचा की नाही, ते त्या नजरेवर. नजर दयाळू असेल तर एक आकडा, वरिष्ठांच्या धाकात असेल तर दुसरा. सुखात्मे, पानसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नजर बाजूला काढली. गाव चिठ्ठीने निवडायचं, शेताचा गट क्रमांक चिठ्ठीने, आणि शेतात कुठल्या ठिकाणी खुंटी ठोकायची हेसुद्धा चिठ्ठीनेच. मग दोरीने ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, आतलं पीक कापायचं, मळायचं, उफणायचं, वजन करायचं आणि ते नोंदवायचं.

यातही एक मेख होती. चौकोन केवढा घ्यायचा? संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल अगदी लहान चौकोनाकडे होता, कारण त्यात वेळ आणि पैसा वाचतो. सुखात्म्यांनी दाखवलं की लहान चौकोनाचं उत्पन्न नेहमी जास्त येतं. का? दोरीवर आलेलं धाट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात त्याला आत ओढतो. मोठ्या चौकोनात अशा चार धाटांनी काही बिघडत नाही, लहानात सगळा हिशेब फुगतो. त्यात कुणाची लबाडी नसते, हाताचीच ती सवय. पण अशा सवयीमुळे एखाद्या जिल्ह्यात धान्य पुरेसं आहे असं कागदावर दिसू शकतं, आणि कागदावर पुरेसं दिसलं की मदतीच्या गाड्या निघत नाहीत. दोरीवरच्या धाटाची चिंता करणारा हा माणूस संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचा प्रमुख झाला आणि १९७१ पर्यंत तिथे राहिला.

तिथे त्यांच्यापुढे जे शेत होतं ते सगळ्या पृथ्वीएवढं. बॉइड ऑर यांनी १९५० साली लिहिलं होतं की दोनतृतीयांश मानवजात जन्मभर भूक आणि कुपोषण सोसते. वाक्य जगभर गाजलं. पण तो नजरेचा अंदाज होता, आणि कॉलिन क्लार्कसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याच्या चिंधड्या उडवल्या. आकडा खोटा ठरला की भूकच खोटी, असं म्हणायला मोकळे झालेले लोक तेव्हाही होते. १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे सुखात्म्यांनी आपला निबंध वाचला. देशाची सरासरी काढून भागत नाही, हा त्याचा गाभा. एका घरात चार भाकरी उरतात, शेजारच्या घरात चार कमी पडतात, सरासरी मात्र दोन्ही घरं जेवल्याचं सांगते. म्हणून घरोघरच्या आहाराच्या पाहण्यांवरून देशात अन्नाची वाटणी कशी आहे ते काढायचं, शरीराला किमान किती उष्मांक लागतात ती रेघ ठरवायची, आणि रेघेखाली किती माणसं येतात ते मोजायचं. उत्तर आलं ते असं : जगातली १० ते १५ टक्के माणसं पोटाला पुरेसं नसलेली, आणि भूक व कुपोषण दोन्ही धरले तर जवळपास निम्मं जग. आज संघटना दरवर्षी उपाशी माणसांचा जो आकडा जाहीर करते त्याची पद्धत पुष्कळ सुधारली, पण तिचं मूळ या निबंधात आहे. बुधच्या सुखात्म्यांचं हे ऋण आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही, याची मला खंत वाटते.

तोवर बंगालचे ते सेन रोमला महासंचालक होऊन आले होते. १९५६ ते १९६७ ही अकरा वर्षं त्यांची. विकसनशील देशातून आलेले ते पहिले महासंचालक. संघटना सरकारांची होती, सरकारं तिथे अहवाल वाचत, ठराव करत आणि घरी जात. सेन यांनी ठरवलं की सरकारांच्या डोक्यावरून थेट लोकांशी बोलायचं. १ जुलै १९६० रोजी उपासमारमुक्तीची जागतिक मोहीम सुरू झाली. देशोदेशी समित्या निघाल्या. चर्च, शेतकरी संघ, महिला मंडळं, शाळा त्यात आल्या. २१ मार्च १९६३ च्या सुमारास जगातल्या कितीतरी देशांनी एकाच विषयावर टपाल तिकिटं काढली. भारताचं त्या दिवशीचं तिकीट १५ नव्या पैशांचं होतं. जूनमध्ये वॉशिंग्टनला जागतिक अन्न परिषद भरली. तिच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी बोलले, आणि भूक संपवण्याची साधनं आपल्या हयातीत आपल्याकडे आहेत, उणीव आहे ती इच्छेची, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

तिकिटांनी आणि भाषणांनी कुणाचं पोट भरतं, असं मला वर्गात मुलं विचारायची. मी त्यांना कंजरीची गोष्ट सांगायचो. ब्रिटनमध्ये या मोहिमेत ऑक्सफॅमसारख्या संस्था उतरल्या होत्या आणि सामान्य माणसांकडून वर्गणी गोळा होत होती. त्या मदतीतून गुजरातच्या खेडा जिल्ह्यात कंजरीला अमूलच्या दूध संघाचा पशुखाद्याचा कारखाना उभा राहिला. ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी त्याच्या उद्घाटनाला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आले. आदल्या रात्री ते अजरपुरा नावाच्या गावात एका शेतकऱ्याकडे उतरले. लोकांशी बोलत बसले, दूध संस्था कशी चालते ते विचारत राहिले. दिल्लीला परतल्यावर त्यांनी अमूलचे वर्गीज कुरियन यांना सांगितलं की तुमच्या आणंदसारखे दूध संघ देशभर उभे करा, आणि १९६५ साली राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ स्थापन झालं. पुढे १९७० पासून दुधाचा महापूर योजना सुरू झाली तेव्हा तिला भांडवल मिळालं ते युरोपने दिलेल्या दूध भुकटीच्या आणि लोण्याच्या तेलाच्या विक्रीतून. ती मदत आली जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत. हा कार्यक्रम म्हणजे अन्न व कृषी संघटना आणि संयुक्त राष्ट्रं यांनी १९६१ साली तीन वर्षांच्या प्रयोगासाठी काढलेली धाकटी संस्था. २०२० साली तिला शांततेचं नोबेल मिळालं. दुधाचा महापूर योजनेने ज्या चार महानगरांच्या दुधाची सोय केली त्यांत आपली मुंबई होती.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आमच्या भागात विहिरींचे तळ दिसत होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची, आम्ही पोरं दुपारी सुकडीसाठी शाळेत रांग लावायचो. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची, म्हणून आई पीठ उकड घेऊन मळायची. मिलो कुठून येतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कुणीतरी म्हणायचं, अमेरिकेतून, तिकडे तो गुरांना घालतात. आई म्हणायची, पोटात गेला की आपला. कामाचे पैसे मिळाले त्या दिवशी तिने मला एक पिवळं वीस पैशांचं नाणं दिलं होतं. ते मी मोडलं नाही. त्यावर इंग्रजीत ‘फूड फॉर ऑल’ लिहिलेलं आहे, असं मला सातवीत मास्तरांनी वाचून दाखवलं. सालाखाली हिऱ्याच्या आकाराची बारीक खूण आहे, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीतलं.

ते नाणंही संघटनेच्याच मोहिमेचा भाग होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. १९६८ पासून संघटनेने देशांना सांगायला सुरुवात केली की चलनी नाण्यांवर अन्नाचा विषय घ्या. वर्तमानपत्र सगळे वाचत नाहीत, पण नाणं सगळ्यांच्या हातात जातं. भारताने १९७० पासून ही नाणी काढली आणि वर्षानुवर्षं काढत राहिला. १९७३ ला जास्त अन्न पिकवा, १९७४ च्या ॲल्युमिनियमच्या दहा पैशांवर त्रिकोणातलं चौकोनी कुटुंब, १९७६ ला सर्वांना अन्न आणि काम, १९८० ला ग्रामीण स्त्रियांची प्रगती, १९८१ ला जागतिक अन्न दिन. हा दिन १६ ऑक्टोबरला पाळायचा असं संघटनेच्या परिषदेने १९७९ मध्ये ठरवलं होतं, आणि १९८१ मध्ये तो पहिल्यांदा पाळला गेला. आपल्या बाजाराच्या पिशवीत, एसटीच्या कंडक्टरच्या चामडी बॅगेत ही नाणी खुळखुळत होती. किती जणांनी ती वाचली, कोण जाणे. मला त्याचं नवल वाटतं ते वेगळ्याच कारणाने : नाण्यावर ‘अन्न आणि काम’ उमटलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. नाण्यामुळे केला नाही. खडी फोडणाऱ्या माझ्या आईसारख्या लाखो बायकांमुळे केला. पण हातातलं नाणं आणि विधानसभेतला कायदा एकच वाक्य बोलत होते, असं फार क्वचित होतं.

संघटनेच्या इतिहासातली पुढची वर्षं अभिमानाची नाहीत. १९७४ मध्ये रोमला जागतिक अन्न परिषद भरली. दहा वर्षांत एकही मूल उपाशी झोपणार नाही, असा संकल्प तिथे झाला. दहाव्या वर्षी, २३ ऑक्टोबर १९८४ ला, बीबीसीचे मायकल बर्क यांनी इथिओपियातल्या कोरेमच्या छावणीतून पाठवलेली बातमी जगाने पाहिली. थंडीने काकडणारी माणसं, ओळीने गुंडाळून ठेवलेले देह. इशारे त्याआधीच दिले गेले होते. पण अन्न व कृषी संघटना आणि तिच्याच पोटातून निघालेला जागतिक अन्न कार्यक्रम यांच्यात तेव्हा अधिकारावरून रस्सीखेच चालू होती, आणि शीतयुद्धात इथिओपिया कुणाच्या बाजूचा हाही प्रश्न होता. मोजणाऱ्यांनी मोजलं होतं, ऐकणारे ऐकत नव्हते. पुन्हा छायाचित्रानेच काम केलं, जसं १९४३ मध्ये केलं होतं. अक्सुमचा स्तंभ तेव्हाही रोमला संघटनेच्या दारात उभाच होता. तो २००३ मध्ये खाली उतरवला गेला, २००५ मध्ये परत गेला, आणि २००८ मध्ये आपल्या मूळ जागी उभा राहिला.

सुखात्मे १९७१ मध्ये निवृत्त होऊन पुण्याला आले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि त्याच वर्षी पुण्यातच गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास आला. दिवसाला २२५० उष्मांक ही त्यांची रेघ. आता सुखात्म्यांनी स्वतःच रेघेबद्दल शंका घेतली. एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर कमी-जास्त खाण्याशी एका मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून सरासरी गरजेची रेघ लावली तर धडधाकट माणसंही उपाशी मोजली जातात, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना प्रथिनं कमी पडतात या तेव्हाच्या मतालाही त्यांचा विरोध होता. पुरेसं धान्य पोटात गेलं तर प्रथिनंही जातात, असं ते आकड्यांनी सांगत. आणि पाणी घाण असेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, हे तर ते अखेरपर्यंत सांगत राहिले. दांडेकरांनी १९८१ मध्ये त्यांना कडक उत्तर दिलं. रेघ खाली आणली की गरीब कमी होत नाहीत, फक्त कमी दिसतात, ही टीकाकारांची धास्ती होती. मला या वादात दांडेकरांची बाजू जास्त पटते. अर्धपोटी राहायची सवय झालेलं शरीर जगतं, पण त्यासाठी उंची, वजन आणि दिवसभराचं काम यांतून किंमत मोजतं, हे आमच्या वाड्यातल्या बायकांकडे पाहून मला दिसत होतं. तरीही एका गोष्टीचा आदर वाटतो. ज्या माणसाच्या रेघेवर जग चालत होतं त्याने स्वतःच ती तपासायला काढली. जगाच्या भुकेच्या मापावरचा सर्वांत कसदार वाद त्या दिवसांत पुण्यात दोन मराठी माणसांत चालला होता. सुखात्मे १९९७ मध्ये पुण्यातच वारले.

रेघ तपासण्याचा हा स्वभाव संघटनेलाही लागला. १९९६ च्या रोम शिखर परिषदेत भुकेल्यांची संख्या, जी तेव्हा सुमारे ८० कोटी धरली होती, २०१५ पर्यंत निम्मी करायचं ठरलं. २००९ मध्ये धान्याचे भाव आणि मंदी यांमुळे संख्या १०२ कोटींवर गेल्याचं संघटनेने सांगितलं. २०१० मध्ये संघटनेने त्याच आकड्यावर मोहीम काढली, आणि पिवळ्या शिट्ट्या वाजवून रस्त्यावर आलेल्या माणसांनी सह्या गोळा केल्या. आणि २०१२ मध्ये पद्धत सुधारल्यावर संघटनेनेच जाहीर केलं की २००९ मध्ये एवढी उसळी आलीच नव्हती, आकडा ८७ कोटींच्या आसपासचा होता. मोहिमेचं घोषवाक्य हातातून गेलं तरी आकडा दुरुस्त केला, याला मी तिचं मोठेपण म्हणतो. २०१५ मध्ये २०३० पर्यंत भूक शून्यावर आणण्याचं ध्येय सगळ्या देशांनी मान्य केलं. २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये ६७.३ कोटी माणसं उपाशी होती, म्हणजे दर शंभरात आठांहून थोडी जास्त. आशियात संख्या उतरते आहे, आफ्रिकेत चढते आहे. दारिद्र्याची रेघही जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये दिवसाला ३ डॉलर अशी नव्याने आखली, आणि त्याखाली सुमारे ८० कोटी माणसं आली.

बंगालमध्ये जे झालं नाही, म्हणजे दुष्काळ आहे असं वेळेवर उच्चारणं, त्यासाठी संघटनेच्या सोमालियासाठीच्या कचेरीत २००४ मध्ये एक मोजपट्टी तयार झाली. आज ती अनेक संस्था मिळून वापरतात. वीस टक्के घरांत अन्नाचा पूर्ण अभाव, तीस टक्के मुलं अतिकृश, आणि दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू, असं झालं की तो दुष्काळ. कुठल्या सरकारला आवडो न आवडो. २० जुलै २०११ रोजी सोमालियात तो जाहीर झाला, आणि मग मदत लोटली. दोन वर्षांनी मृत्यूंचा हिशेब आला : सुमारे २ लाख ५८ हजार, निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुलं. त्यांतले जवळपास निम्मे जीव जाहीर होण्याआधीच गेले होते. २२ ऑगस्ट २०२५ ला त्याच मोजपट्टीने गाझात दुष्काळ असल्याचं सांगितलं, तेव्हा मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. बंगालची छायाचित्रं छापून आली त्याला त्या दिवशी ८२ वर्षं झाली होती.

गेल्या १६ ऑक्टोबरला महाविद्यालयाने मला बोलावलं होतं. भाषण नको, प्रक्षेत्रावर चला, असं मीच म्हटलं. उशिरा पेरलेलं सोयाबीन काढणीला आलं होतं. मुलांनी चिठ्ठी काढून जागा निवडली, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी विळा घेऊन कडेला बसली होती. दोरीखाली एक झाड अर्धं आत, अर्धं बाहेर होतं. तिने विचारलं, सर, हे धरायचं का? मी सांगितलं, बूड कुठे आहे ते बघ. तिने वाकून माती बाजूला केली. बूड बाहेर होतं. तिने ते झाड दोरीपलीकडे सारलं, आतली कापली, मळून वजन केलं आणि वहीत आकडा लिहून घेतला.